साखरशेतचा कडूकंद

जव्हार-मोखाड्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या साताऱ्यातली माणसं आधी धबधबा पाहिला का विचारतात, मग राजवाडा पाहिला का विचारतात. मी दोन्ही पाहिलं नाही. मी गेले होते एका वेलाचं पान तोडायला, आणि तेही दुसऱ्यांदा. हे ऐकलं की माणसं विषय बदलून चहा टाकू का म्हणतात. दर वेळी तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर मला पीएचडीची बुद्धी झाली. मुलगी बारावीला आणि आई पीएचडीला, दोघींच्या वह्या एकाच जेवणाच्या टेबलावर, असा आमच्या घरातला देखावा होता. विषय घेतला रानकंदांचा. त्यातही कडूकंदाचा, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांचा तो वेल, ज्याला जमिनीत कंद असतो आणि वर पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे करांदे लागतात. जव्हारच्या डोंगरात नागली, म्हणजे आपली नाचणी, संपली की माणसं हे कंद राखेच्या पाण्यात उकडून, काप करून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खातात. कडूपणा थोडा जातो, सगळा जात नाही.

नमनाला घडाभर तेल नको, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पानाचा हिरवेपणा ज्या बारीक कणांत असतो त्यांना हरितलवक म्हणतात. या कणांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो. झाडाचा मुख्य डीएनए आईबापांकडून निम्मा निम्मा येतो आणि दर पिढीला पत्त्यांसारखा पिसला जातो. हरितलवकातला मात्र बहुतेक फुलझाडांत फक्त आईकडून येतो, काही सरमिसळ न होता. फार फार काळाने त्यात एखादं अक्षर बदलतं, आणि तो बदल मग लेकीकडून लेकीकडे चालत राहतो. दोन झाडांत तोच बदल सापडला की समजायचं, यांची खापरपणजी एक. असे बदल जुळवत गेलं की कोणतं फुलझाड कोणाच्या जवळचं, कोणतं कूळ आधी फुटलं, हे मांडता येतं. दोन हजार सालाच्या मागेपुढे हे तंत्र आमच्यासारख्यांच्या हाती नुकतं येत होतं. पानं मी गोळा करायची, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेऊन द्यायची आणि निकालाची वाट पाहायची. गिरणीवर दळण टाकून बसतात तशी मी तिथल्या बाकावर बसून असे.

पहिल्या वर्षी निकाल असा आला की मी हरखून गेले. वांगणीकडच्या डोंगरातले सगळे कडूकंद एका मातृघराण्याचे, आणि जव्हार-मोखाड्याच्या पठारावरचे सगळे दुसऱ्या. मध्ये दऱ्या. दोन्ही घराणी कधीकाळी वेगळी झाली आणि दऱ्या ओलांडून परत भेटली नाहीत, असा सुरेख प्रबंध माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. फक्त पानांची एक पुडी तेवढी त्यात बसेना. साखरशेतची. साखरशेत पठारावरचं, तिथला वेल पठारी घराण्याचा निघायला हवा. तो निघाला अस्सल वांगणीचा.

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, आवाज कधी चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की बाई, तुमच्याकडून पुड्या बदलल्या आहेत. मी म्हटलं, नाही हो. ते म्हणाले, मग सिद्ध करा. एक पुडी बदलली असेल तर बाकीच्या बदलल्या नाहीत हे कशावरून? तो सगळा हंगाम बाजूला ठेवावा लागेल. नोंदणीची मुदतवाढ माझी आधीच घेऊन झाली होती, सगळं पुन्हा गोळा करण्याइतका वेळ हाताशी नव्हता. हंगाम गेला की प्रबंध गेला, इतका साधा हिशेब होता. मी ठणकावून नाही म्हणून आले खरी, पण एस.टी.त बसल्यावर माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. पानं गोळा केली त्या रात्री जव्हारच्या विश्रामगृहात वीज गेलेली होती, आणि पुड्यांवर नावं मी मेणबत्तीच्या उजेडात घातली होती.

त्र्यंबकच्या पुढे

पहिल्या खेपेला मी दिवाळीनंतर गेले होते, आणि साखरशेतच्या त्या टोकाच्या पाड्यावर एकही माणूस भेटलं नव्हतं. दिवाळी झाली की इकडची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर आणि खाडीवर रेतीच्या कामाला जातात. दारांना बाहेरून काटक्या लावलेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून बांधावरच्या वेलाची चार पिवळट पानं घेऊन मी निघाले होते. या खेपेला शहाणपणा करून दसऱ्यालाच रजा टाकली, म्हणजे माणसं घरी सापडतील आणि पानंही हिरवी असतील.

नाशिकहून त्र्यंबक ओलांडलं की देश मागे पडतो. त्र्यंबकला गाडी थांबली तेव्हा एक उपाध्याय यजमानाला त्याच्या आज्या-पणज्याची नावं वाचून दाखवत होते. त्या वंशावळीत बाप, आजा, पणजा सगळे हजर असतात, बायका कुठे गेल्या ते कुणी विचारत नाही. माझ्या हरितलवकांत बरोबर उलटं आहे, तिथे बापाचं नाव औषधालाही नाही. मला एकटीलाच हसू आलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी पिशवी आवरून घेतली.

मोखाड्याच्या अलीकडे उतार सुरू होतात आणि त्यांवर नागलीचे पट्टे. कणसं मुठी मिटल्यासारखी आवळलेली, तांबूस झालेली. मधूनच खुरासणीचा, म्हणजे कारळ्याचा, पिवळाधमक तुकडा. आमच्याकडे साताऱ्याला रान म्हणजे सपाट, काळं, चारी बाजूंनी बांधलेलं. इथे माणसाने डोंगराच्या अंगावर जिथे पाऊल ठरेल तिथे शेत केलं आहे, आणि पाऊल घसरलं तर शेत तिथेच संपतं. मोखाड्याच्या स्टँडजवळच्या खानावळीत तांदळाची भाकर, सुक्या बोंबलाचं कालवण आणि खुरासणीची चटणी मिळाली. आमची शेंगदाण्याची चटणी तिखट असते पण गोडबोली असते. ही खुरासणीची काळी, कडवट, तोंडावर खरं बोलणारी. मी दोनदा मागून घेतली.

चहाने मात्र घात केला. इकडे चहात दूध घालायची रीत नाही. गूळ घातलेला कोरा चहा समोर आला की मला आईचा सर्दीचा काढा आठवतो. पहिल्या दिवशी मी तोंड वाकडं करून प्याले. निघायच्या दिवशी दुधाचा चहा मिळाला तर तो बेचव लागला, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

साखरशेत

साखरशेतला काशिनाथ गुरुजींची भेट झाली. प्राथमिक शाळेत शिक्षक, वय पस्तिशीचं, त्याच पाड्यांतल्या शेतकऱ्याचा मुलगा. माझ्याशी बोलताना पाठ्यपुस्तकातली मराठी, जीपवाल्याशी हिंदी आणि पाड्यावर शिरले की त्यांची घरची भाषा. भाषा बदलली की त्यांचा चेहराही बदले. घरच्या भाषेत ते जास्त हसत. वर्गातल्या मुलांचंही तसंच आहे म्हणाले, मराठीत विचारलं तर मान खाली घालतात आणि घरच्या बोलीत विचारलं तर सगळा वर्ग एकदम बोलतो.

टोकाच्या पाड्यावर पोचलो. शेवटचं घर, त्याच्या मागे भाताचं खाचर, खाचराच्या बांधावर ऐनाचं झाड आणि त्यावर चढलेला माझा वेल. पाहताक्षणी ओळखला. पानं तळहाताएवढी, आणि बेचक्यांत करपट रंगाचे करांदे लटकलेले. मी पुढे होऊन एक पान तोडलं, तोच मागून आवाज आला.

"पान तोडलं तं तोडलं. पन आधी आवाज द्यायचा."

ही लखमी. पन्नाशीच्या पुढची, काटक, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात विळा. मागच्या खेपेला जे घर बंद होतं ते हिचं. ओरडली नाही, रागावलीही नाही. आपल्या घरात येऊन कुणी फडताळ उघडलं तर माणूस जसं बोलेल तसं बोलली. मी चटकन म्हटलं की मावशी, मला वाटलं जंगली वेल आहे. तिने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

मग बांधावरच बसून मी गुरुजींच्या मदतीने तिला समजावलं. हिरव्या पानात बारीक कण, कणात एक धागा, तो धागा फक्त आईकडून येतो, आणि त्या धाग्यावरून या वेलाची आई कोण ते मी शोधते आहे. सांगता सांगता मला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. हा वेल निघाला वांगणीचा, आणि वांगणीचा असू शकत नाही, म्हणून माझं सगळं काम अडलं आहे, हेही सांगून टाकलं. गुरुजी भाषांतर करत होते, पण ते वांगणीपाशी आले तेव्हा लखमीने त्यांना हातानेच थांबवलं.

"मंग बरोबर हाय की," ती मला म्हणाली. "ह्यो माझ्या आयचा वेल. वांगनीचा."

लखमीचं माहेर वांगणीचं. त्यांच्याकडे रीत अशी की मुलगी सासरी निघाली की आई तिच्या पदराच्या टोकाला नागलीचं बी बांधून देते. सासरी पहिल्या पावसाला ती ते पेरते, आणि त्या बियाण्याची नागली तिची स्वतःची, तिच्यावर सासूचाही हक्क नाही. आमच्याकडे ओटीत खण-नारळ घालतात, नारळ दुसऱ्या दिवशी वाटणात जातो आणि खण कुणाला तरी देण्यात जातो. इथे आई लेकीला पेरायचंच देते. पण लखमीच्या लग्नाच्या वर्षी घरात बियाण्यालाही नागली उरली नव्हती, सगळी खाऊन झाली होती. तेव्हा तिच्या आईने अंगणातल्या आंब्याखालचा कडूकंद उकरला, त्याचा एक तुकडा मातीसकट तिच्या पदरात बांधला आणि म्हणाली की नागली सरंल, ह्यो नाय सरायचा.

साखरशेतला आल्यावर सासू हसली होती. सगळ्या सुना नागली आणतात आणि आमची कडूकंद घेऊन आली, तोही साखरशेतात. लखमीने तो गुपचूप बांधावर ऐनाखाली पुरला. पुढे भाताने दगा दिला तेव्हा त्याच सासूने तो उकडून खाल्ला, आणि मग कधी हसली नाही. हे सांगताना लखमी मात्र चांगली हसली.

मला त्या बांधावर फुगडी घालावीशी वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पुडी बदलली नव्हती. माझ्या मेणबत्तीने दगा दिला नव्हता. दरी ओलांडून वेल आला होता तो स्वतःच्या पायाने नव्हे, एका नवरीच्या पदरातून.

पण सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी खाली बसले. सरांना गोष्ट चालत नाही, पुरावा लागतो. या वेलाची ताजी पानं तर हवीतच, पण लखमीच्या माहेरच्या अंगणातला तो मूळ वेल मिळाला आणि दोन्ही जुळले, तर बोलायला जागाच उरणार नाही. मी लखमीला विचारलं की तो आंब्याखालचा वेल अजून आहे का. ती म्हणाली, असंल की, जातो कुठं. बऱ्याच वर्षांत माहेरी गेली नव्हती. परवा भात कापायला घ्यायचं होतं. मधला एक दिवस तिच्याकडे होता, आणि तो तिने मला देऊन टाकला.

तवा

त्या संध्याकाळी एक घोळ झाला. पानं वाळवायला आम्ही निळ्या रंगाची खडी वापरतो. पानाची पुडी त्या खडीत पुरली की ती ओल शोषून घेते, आणि पुरेशी ओल प्याली की निळ्याची गुलाबी होते. गुलाबी खडी काही कामाची नाही. परतीचा पाऊस एस.टी.च्या टपावरून माझ्या पिशवीत शिरला होता. डबा उघडला तर सगळी खडी लग्नातल्या अक्षतांसारखी गुलाबी. ताजी पानं ओलसर राहिली की कुजतात, आणि कुजली की आतला डीएनए गेला.

उपाय सोपा असतो, खडी भाजायची. प्रयोगशाळेत त्यासाठी भट्टी असते. इथे लखमीची चूल होती. मी तिचा भाकरीचा तवा मागितला तेव्हा तिने आधी खडी हातात घेऊन पाहिली आणि साबुदाणा का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खायची नाही. जे खायचं नाही ते आपल्या तव्यावर नको, असं ती स्पष्ट म्हणाली, आणि मला ते पटलं. माझ्या घरी कुणी हे माझ्या तव्यावर भाजायला काढलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. शेवटी तिने एक फुटकं खापर काढून दिलं. मी चुलीपाशी बसून उलथन्याने खडी हलवत होते आणि ती शेजारी बसून लक्ष ठेवत होती. गुलाबी रंग कडेने फिका व्हायला लागला आणि हळूहळू निळा परतला, तशी ती पुढे वाकून पाहायला लागली. शेजारघरच्या दोघीतिघी जमल्या. गुरुजी शाळेतला प्रयोग म्हणून समजावायला लागले, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

नंतर नागलीची भाकर आणि उडदाचं पातळ कालवण जेवले. भाकर त्याच तव्यावरची.

वांगणी

सकाळी गुरुजी शाळेत गेले आणि आम्ही दोघी निघालो. जव्हारहून जीप, जीपमध्ये आठांच्या जागी सोळा माणसं. लखमीच्या पदराला एक गाठ होती, चांगली नारळाएवढी. मी विचारलं तर म्हणाली की करांदे हायत, भावजयीला. माहेरी रिकाम्या हाताने कसं जायचं? ऐनावरचे तिने सकाळीच काढले होते.

पुढे पावसाने रस्ता खचला होता, म्हणून शेवटचा टप्पा पायी. खाली दरीत ढग साचलेले, वर स्वच्छ ऊन, वाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा फुललेला. मी धापा टाकत होते आणि लखमी पुढे चालता चालता मागे वळून न पाहता बोलत होती. सासू, मुलगा भिवंडीला कसल्याशा साईटवर, सून कशी शिकलेली पण विळा धरता येत नाही. चालायचा कंटाळा नाही आणि बोलायचा तर नाहीच, बोलण्यात माझ्यासारखीच बाई.

वांगणी म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला एकच आठवतं. काही वर्षांपूर्वी वावर-वांगणीची नावं पेपरात आली होती, कुपोषणाने मुलं गेली तेव्हा. मीही तेव्हा वाचलं होतं, वाईट वाटलं होतं आणि पान उलटलं होतं. प्रत्यक्षात गाव समोर आलं ते उतारावरच्या पाचपंचवीस घरांचं, कुडाच्या सारवलेल्या भिंतींचं, दारात नागलीची पहिली कणसं वाळत घातलेलं. एक कुत्रं भुंकलं आणि लखमीला ओळखून थांबलं. इतक्या वर्षांनी कसं ओळखलं कोण जाणे, कदाचित माझ्याकडे पाहून भुंकण्यात अर्थ नाही असं त्याला वाटलं असेल.

लखमीची भावजय देवकी घरी होती. भाऊ कामावर गेलेला. दोघी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या भाषेत बराच वेळ बोलल्या. मी अंगणात आंबा शोधला. आंबा होता, मोठा, भकास वाटावा इतका मोकळा. त्याच्या खोडावर काही चढलेलं नव्हतं. बुंध्याशी माती सपाट होती आणि कोंबड्या टोचत होत्या.

लखमी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनेही पाहिलं. मग तिने देवकीला विचारलं आणि देवकीने सांगितलं, ते मला लखमीने मागाहून थोडक्यात सांगितलं. त्या वाईट साली घरात काही उरलं नव्हतं. आधी करांदे खाल्ले, मग कंद उकरला. दर साली थोडा मागे ठेवतात तसा ठेवायला धीर नव्हता, खोलवरचा तुकडासुद्धा काढला. पुढच्या पावसाला तिथे काही उगवलं नाही. त्याच साली देवकीची धाकटी मुलगीही गेली. लखमी तेव्हा मातीला आली होती, याच अंगणात बसली होती. पण तेव्हा वेलाकडं कोन बघतंय, असं ती म्हणाली.

माझा नमुना गेला, हे माझ्या मनात आधी आलं, आणि त्याची मला तिथल्या तिथे लाज वाटली. त्या पोरीचं नाव मी विचारलं. देवकीने सांगितलं, सोनी. मी कोंबड्यांकडे पाहत राहिले.

देवकीने कोरा चहा केला. चहा पिताना लखमी आंब्याच्या बुंध्याकडेच पाहत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला म्हटलं की मावशी, कंदाचा तुकडा किंवा करांदा लावला की मध्ये बी येत नाही, नवी पिढी होत नाही. तुमच्या बांधावरचा वेल हा इथल्या वेलाची मुलगीसुद्धा नाही. तोच तो आहे. आई आंब्याखाली आणि लेक ऐनावर असं नव्हतंच कधी. एकच वेल दोन ठिकाणी होता, आता एका ठिकाणी आहे.

तिने मला ते परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. मग तिने कप खाली ठेवला आणि पदराची गाठ सोडली. देवकीच्या सुपात करांदे ओतताना तिने त्यांतले दोन बाजूला काढले, चांगले जड, डोळे उठलेले. देवकी म्हणाली असावी की राहू दे, एवढे पुरेत मला, किंवा तसंच काही. लखमीने दारातली पहार उचलली, आंब्याच्या बुंध्याशी कोंबड्यांना हाकललं आणि खड्डा केला. करांदे ठेवून माती लोटली, वर पायाने दाबली आणि कोंबड्या उकरू नयेत म्हणून एक सपाट दगड तिरपा ठेवला. देवकी दारात उभी राहून पाहत होती. ती काहीतरी पुटपुटली, कुणाचं कुणाला देतेस अशा अर्थाचं असावं, कारण लखमी मला कळावं म्हणून मराठीतच बोलली.

"तुमचाच हाय. मी फकस्त ठेवायला नेला व्हता."

देवकी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज येत होता. मी माझ्या पिशवीतला डबा उघडला आणि खडी निळी आहे ना ते उगाचच पाहिलं. निघताना देवकीने लखमीच्या पदराच्या टोकाला नागलीचं बी बांधलं, या सालचं, नवं. जीप गाठायला आम्ही भराभर उतरलो आणि वाटेत लखमीने गाठ दोनदा चाचपून पाहिली.

सातारा

साखरशेतच्या ताज्या पानांचा निकाल प्रयोगशाळेतून दिवाळीनंतर आला. वांगणीचं घराणं, अक्षर न् अक्षर तेच. आंब्याखालचा वेल मिळाला नाही, पण वांगणीच्या डोंगरातले बाकीचे सगळे वेल साक्षीला होते. पुड्या बदलल्या नव्हत्या आणि माझा हंगाम वाचला. मी सरांना फोन केला. निकाल सांगितला आणि मग लखमीची गोष्टही सांगितली, सगळी, आंब्याच्या बुंध्यापर्यंत.

सरांनी आधी निकाल लिहून घेतला. पुड्यांबद्दल बोललो ते मागे घेतो, एवढं म्हणाले, आणि लगेच शिस्तीवर आले. तक्त्यात प्रत्येक नमुन्यापुढे लिहायचं असतं, जंगली की लावलेला. लावलेले नमुने नकाशातून गाळायचे, असा नियम. "मग हा काय लिहिणार? लावलेलाच ना?"

मी म्हटलं की सर, लखमीच्या मते तो लावलेला नाही.

"मग काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले की तक्त्याच्या खाली टीप द्यायला जागा असते, तसंच लिहा.

साखरशेतचा ठिपका मी नकाशातून गाळला नाही. पठाराच्या मधोमध तो वांगणीच्या रंगाचा एकटा ठिपका आहे, आणि तोंडी परीक्षेत त्याच्यावरच सगळ्यांत जास्त प्रश्न आले. त्याची टीप एकाच ओळीची आहे. वेल वांगणीचा, साखरशेतला ठेवायला दिलेला, परत नेला.